एकास सोळा

जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती बाजारात आणली. मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी. ती करण्याआधी कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती नट-बोल्टापर्यंत सुटी केली. भाग मोजले गेले, त्यांची रेखाटनं झाली. गाडी पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा पोर्शेच्या जाणकारांना बोलवावं लागलं. एका खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं ज्याला वाटेल त्याला या छंदाचं मर्म अजून सापडलेलं नाही. प्रतिकृती करायची तर आधी मूळ वस्तू डोळ्यांनी, बोटांनी आणि टेपने समजून घ्यावी लागते. कापणं, घासणं, चिकटवणं, रंगवणं हे सगळं त्यानंतरचं.

हा लेख मी कारंजा (घाडगे) डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरचं, नागपूरहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असलेलं वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, एका अंगाला बोरचं जंगल. इथे रणगाड्यांचं संग्रहालय नाही, रेल्वे नाही, विमानतळ नाही. प्लॅस्टिकचा किट हवा असेल तर तो नागपूर, पुणे, मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवायचा, आणि पत्त्यात ‘घाडगे’ आणि ‘जि. वर्धा’ ठळक लिहायचं, कारण वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड वेगळं. तरीही माझं ठाम मत असं आहे की प्रतिकृती घडवण्याच्या छंदाला लागणारं निम्मं भांडवल या गावात आधीपासून पडून आहे. उरलेलं निम्मं म्हणजे मोजमाप. ते शिकता येतं.

आधी मापाचं बोलू. किटच्या डब्यावर १:७२, १:४८, १:३५ असे आकडे असतात. ‘एकास बहात्तर’ म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ सेंटिमीटर प्रतिकृतीत एका सेंटिमीटरवर आले. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते फूट-इंचांतून आले आहेत. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून १:७२ मध्ये उंच माणूस बरोबर एका इंचाचा होतो. १:४८ मध्ये एक फूट पाव इंचाचा. १:३५ चा उगम आणखी गमतीचा. तामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा किट काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढा रणगाडा केला आणि मागाहून भागाकार केला तर पस्तीस आला. आज जगभरचे रणगाड्यांचे किट त्या बॅटरीच्या मापाने निघतात.

विमानांच्या १:७२ मागे युद्धाचाही हात आहे. प्लॅस्टिकचे पहिले किट इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने १९३६ साली याच मापात आले. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांना आवाहन केलं, आम्हाला पाच लाख लाकडी विमानं करून द्या. सैनिकांना आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे आकृतीवरून ओळखायला शिकवण्यासाठी ती हवी होती. मुलांनी नकाशावरून पाइन लाकूड कोरलं, साच्याच्या पट्टीने तपासलं, काळा रंग दिला. माप १:७२ का? पस्तीस फुटांवरून पाहिलं तर ही प्रतिकृती अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. ३५ ला ७२ ने गुणा, २५२० फूट येतात, अर्धा मैल २६४० फुटांचा. सातवीच्या मुलाला जमेल असं हे गणित, आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

स्वस्त किटची गोष्ट मात्र एका पिशवीने सुरू झाली. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये इंग्लंडात एअरफिक्स कंपनी काढली होती. १९५२ साली तिने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा किट वुलवर्थच्या दुकानांसाठी केला तेव्हा खोका टाकून देऊन भाग साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, वर कागदाची घडी लावली, आणि किंमत ठेवली दोन शिलिंग. शाळकरी पोराच्या खिशाला परवडणारी. इंग्लंडातल्या एका अख्ख्या पिढीने याच पिशव्यांतून हात तयार केला.

आता आपल्याकडच्या खिशाचं पाहू, कारण या छंदात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. आज भारतात १:७२ चं छोटं लढाऊ विमान ढोबळमानाने एक ते दोन हजार रुपयांत पडतं. १:३५ चा रणगाडा अडीच हजारांपासून सहा हजारांपर्यंत. १:४८ मधलं चांगलं जेट तीन-चार हजारांना सुरू होतं आणि दहा हजार सहज ओलांडतं. दुकानानुसार, डॉलर-येनच्या भावानुसार हे आकडे हलतात, पण अंदाज एवढाच. हे महाग का, याचं उत्तर बरंचसं आयातशुल्कात आहे. सीमाशुल्काच्या ज्या ९५०३ क्रमांकाच्या सदरात बाहुल्या आणि तीनचाकी सायकली मोडतात, त्याच सदरात ‘लहान मापाच्या प्रतिकृती’ही येतात. या सदरावरचं मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० वर. म्हणजे हजार रुपयांचा किट बंदरावर उतरला की सतराशेचा होतो. खेळण्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला हा दिलासा, पण सतराशेवर ५ टक्के लागून १७८५ होतातच. वाहतूक, आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा पुढे. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं.

देशी खेळण्यांच्या धंद्याला आधार मिळावा हा या शुल्कामागचा हेतू मला मान्य आहे. परदेशातून येणाऱ्या निकृष्ट खेळण्यांचा लोंढा थांबायलाच हवा होता. पण प्रतिकृतीचा किट हे खेळणं नव्हे, ते शिकण्याचं साधन आहे. एका किटच्या पोलादी साच्यावर कंपनीला मोठा खर्च करावा लागतो. तसा साचा आपल्याकडे कुणी घडवत नाही तोवर या शुल्काने संरक्षण कुणाचं होतं? नववी-दहावीतल्या मुलासाठी सदर वेगळं हवं, असं मला मनापासून वाटतं. ते होईल तेव्हा होईल. तोवर एक किट घ्यावा, एकच, आणि त्यातून शिकता येईल तेवढं शिकून घ्यावं. किट ही शाळा आहे, आणि शाळेत माणूस जन्मभर राहत नाही.

कुठला किट? पहिला १:७२ चा, सत्तर-ऐंशी भागांच्या आतला, एका इंजिनाचा. मिग-२१ चा विचार जरूर करा. हे विमान आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार व्हायचं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झालं. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १:७२ मध्ये तो दहा सेंटिमीटरच्या आत बसतो, म्हणजे टेबलाच्या एका कोपऱ्यात काम होतं.

आता हाताचं काम. किटमधले भाग एका चौकटीला जोडलेले येतात, तिला सगळे स्प्रू म्हणतात. मोह होतो तो हाताने पिळून भाग तोडण्याचा. तसं केलं की भागाचा लचका निघतो. बारीक तोंडाच्या कटरने आधी भागापासून थोडं लांब कापायचं, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा कापायचा आणि शेवटचा कण पॉलिश पेपरने घासायचा. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर इथे उत्तम चालतो. ४०० नंबरने सुरुवात, मग ६००, मग १०००, प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. साच्याचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे भागावर केसाएवढी उभी रेघ राहते. ती कटरच्या पात्याची धार आडवी धरून खरवडायची. रंग दिल्यावर ही रेघ दुप्पट उठून दिसते, आणि तेव्हा ती काढायला उशीर झालेला असतो.

चिकटवण्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. घरात फेविक्विक असतं म्हणून तेच वापरलं जातं. प्लॅस्टिकच्या किटसाठी जे सिमेंट मिळतं ते चिकटवत नाही, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीच्या तोंडाशी ब्रशचं टोक फक्त लावायचं. पातळ द्राव केशाकर्षणाने स्वतःच फटीत धावतो, दोन्ही कडा मऊ होतात, मग हलका दाब द्यायचा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक मणीमाळ फटीतून वर आली की समजायचं जोड नीट झाला. ती तशीच वाळू द्यायची, दुसऱ्या दिवशी घासायची. तिथे आता दोन भाग उरलेले नसतात, एकच असतो. पारदर्शक काच बसवताना मात्र हे सिमेंट किंवा फेविक्विक दोन्ही नको. एकाने काच विरघळते, दुसऱ्याच्या वाफेने ती पांढरी धुरकट होते. तिथे साधा पांढरा फेविकॉल वापरावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. आणि काम खिडकी उघडी ठेवून करावं. सिमेंटची वाफ फुप्फुसाला चांगली नाही, लहान मुलांनी मोठ्यांच्या देखत काम करावं.

रंगाआधी प्राइमर. तो रंगाला पकड देतो आणि लपलेले ओरखडे उघडे पाडतो. रंग ब्रशने द्यायचा असेल तर पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नको. एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर घ्यायचा तर पाच ते आठ हजारांची तयारी हवी. पहिली काही विमानं त्याच्याशिवाय करावीत असं माझं मत आहे, कारण ब्रशने रंगवणाऱ्याला रंगाचा दाटपणा बोटांत कळतो. एअरब्रश हाती आला तर ०.३ मिलिमीटरचं तोंड, पंधरा ते वीस पीएसआय दाब आणि दुधाएवढा पातळ रंग, ही सुरुवात.

इथे वैदर्भी हवामानाचं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकांत ते नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो. तोंड तुंबतं, रंगाचे खडबडीत कण पृष्ठभागावर बसतात. रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर चार थेंब घालावं आणि काम पहाटे उरकावं. श्रावणात उलटी तऱ्हा. हवेतली ओल इतकी असते की लॅकरचा पारदर्शक हात दिला की तो दुधाळ होतो, कारण द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि बाष्प त्यावर बसतं. पावसाची झड लागली असेल तर त्या दिवशी फक्त घासकाम करावं. आपल्याकडे रंगकामाचा खरा हंगाम दिवाळी ते होळी. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करणाऱ्याला हवा साथ देते.

चिन्हं आणि आकडे पाण्याने सुटणाऱ्या डिकॅलच्या कागदावर येतात. ती मॅट रंगावर लावली तर खालच्या खडबडीत पृष्ठात हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी झाक येते. म्हणून आधी चमकदार हात, मग डिकॅल, मग शेवटी मॅट हात. हा क्रम चुकला की सुंदर विमान खेळण्यासारखं दिसतं. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा उठाव्यात म्हणून तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून रेषेवर टेकवतात, तो रेषेतून स्वतः पळतो. यासाठी महागडी परदेशी बाटली लागत नाही. कॅम्लिनची, म्हणजे दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कंपनीची, ‘कॅमल’ तैलरंगाची तपकिरी ट्यूब पुष्कळ वर्षं पुरते. धूळ, गंज, चिखल दाखवायला कोरड्या खडूची पूड. आणि एक बारकावा: दूरची वस्तू हवेच्या थरामुळे फिकी दिसते, म्हणून लहान प्रतिकृतीवर मूळचा रंग जसाच्या तसा दिला तर तो जड वाटतो. काळ्यात थोडा करडा, हिरव्यात थोडा पिवळा-पांढरा मिसळावा. वस्तू जितकी लहान केली तितका रंग हलका.

या सगळ्यातून जो हात तयार होतो, तो पुढे कशाला लावायचा? मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

महाराष्ट्रात प्रतिकृतींचं सर्वांत देखणं काम पाहायचं तर पुण्यात कोथरूडला जावं. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. एक अख्खं शहर, सिग्नल, पूल, सर्कस, आणि त्यातून एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं इतकं काटेकोर काम आपल्याकडे विरळा. अशा लघुरेल्वेचं जगातलं सर्वांत रुळलेलं माप म्हणजे एचओ, १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळाला ८७ ने भागलं की ते येतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीसच्या पुढे जातं. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळावर भारतीय गाडी ठेवली की तिचा पाया अरुंद दिसतो. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यांना छळणारी ही जुनी अडचण आहे.

पण आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या छोट्या गाडीचं गणित करून पाहा. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला, आणि आपल्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी, या तिन्ही वाटा अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरच्या. कापसाच्या गाठींसाठी ब्रिटिश काळात टाकलेल्या. ७६२ ला ८७ ने भागा. पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि ‘एन’ मापाचा, जगभर सहज मिळणारा रूळ असतो नऊ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही. परदेशात अडीच फुटी गाड्या करणारे छंदी लोक हीच युक्ती वापरतात. ब्रॉडगेजला जे जमत नाही ते आपल्या शेजारच्या आर्वीच्या गाडीला तयार रुळावर जमतं. मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालत होतं, मग डिझेल आलं. ३५ किलोमीटरची पुलगाव-आर्वी गाडी बंद पडून तर खूप काळ लोटला. तिचा किट कुठलीही कंपनी काढणार नाही. तो आपणच करायचा.

मोजायला काही उरलं आहे का? नागपूरला कडबी चौकाजवळ मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे अडीच फुटी इंजिनं आणि डबे प्रत्यक्ष उभे आहेत. टेप, वही, मोबाइल घेऊन जावं, परवानगी घ्यावी, चाकाचा व्यास, डब्याच्या खिडकीची रुंदी, पायरीची उंची लिहून घ्यावी. गाडीच्या वाटेवरच्या जुन्या इमारतीचं माप काढायला शिडी लागत नाही. इमारतीचा समोरून फोटो काढा, पायथ्याशी एक मीटरची पट्टी उभी ठेवून. पट्टीएवढ्या उंचीत विटांचे किती थर बसतात ते मोजा, मग छपरापर्यंतचे थर मोजा, उंची हातात येते. सात फुटी दार १:८७ मध्ये साडेचोवीस मिलिमीटरचं, नऊ इंची वीट अडीच मिलिमीटरहून किंचित मोठी. भिंती सनबोर्डच्या, जो फलक रंगवणाऱ्यांकडे तुकड्यांत मिळतो. कौलं सुईने रेघा मारलेल्या कार्डशीटची. जमिनीला चाळणीतून गाळलेली शेतातली काळी माती, फेविकॉलच्या पाण्यावर पसरलेली. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा. झाडांच्या फांद्यांसाठी परदेशी कंपन्या तारेचे सांगाडे विकतात. आपल्याकडे पराटीची टोकं आणि तुराटीच्या बारीक काड्या बांधावर पडलेल्या असतात, आणि त्यांच्या फांद्या आपल्या झाडांसारख्याच फुटतात.

भांडवल आधीपासून पडून आहे म्हणालो ते हेच. पण फक्त सामानाचं नाही, हाताचंही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरला दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली मुलांसाठी तो सुरू केला असं सांगतात. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून पोरं ओढत नेतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे घेतात. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. एका प्रदेशात दर वर्षी घराघरांत एका प्राण्याची लाकडी प्रतिकृती कोरली जाते, रंगवली जाते, मिरवली जाते. अशी परंपरा असलेली गावं जगात किती असतील?

मला खटकतं ते एवढंच की हा नंदी कुठल्याच जातीचा नसतो. कारंजा, आर्वी, आष्टी हा गवळाऊ जनावरांचा मूळ मुलूख. कारंजा तालुक्यातच हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे. पांढरी-करडी, हलक्या हाडाची, लांबट तोंडाची, आखूड शिंगांची, चालीला चपळ अशी ही जात. मराठ्यांच्या फौजेची रसद वाहायला ती जोपासली गेली असं जाणकार सांगतात. संकराच्या लाटेत शुद्ध गवळाऊ कमी होत गेली. ज्या तालुक्यात ही जात उभी आहे, तिथल्या तान्ह्या पोळ्यात एक तरी नंदी मोजून केलेला गवळाऊ असावा. समजा एखाद्या गोऱ्ह्याची वशिंडामागची उंची १२८ सेंटिमीटर भरली, तर १:१६ मध्ये तो बरोबर आठ सेंटिमीटरचा. मग तोंडाची लांबी मोजा, शिंगाचा बाक, पोळीची घडी, पाठीचा उतार. मापं घेता घेता मुलाला जनावर असं काही पाठ होईल की बाजारात शंभर बैलांत तो गवळाऊ ओळखून दाखवील.

दिवाळीच्या किल्ल्यांबाबतही हेच. जुलै २०२५ मध्ये शिवकाळाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत मातीच्या किल्ल्यांना पुन्हा बहर आला. फार आनंदाची गोष्ट. पण रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंच, त्याची १:५०० मध्ये प्रतिकृती केली तर पावणेदोन मीटरच्या आत येते, आणि तिच्यावर ठेवलेला दहा सेंटिमीटरचा मावळा त्या हिशेबाने पन्नास मीटरचा होतो. मावळे ठेवावेत, त्यांच्याशिवाय किल्ला उघडा वाटतो. फक्त एकदा तरी मुलांना घेऊन नकाशावरच्या समोच्च रेषा पुठ्ठ्यावर कापून एकावर एक रचाव्यात, वर शाडू लिंपावा. गड चढायला कठीण का होता, हे पुस्तकातलं पान वाचण्यापेक्षा त्या पुठ्ठ्यांच्या थरांत लवकर कळतं.

हे म्हणणं वर्धा जिल्ह्याला नवं नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून गणित, भूगोल, विज्ञान शिकवावं हा विचार तिथे मांडला गेला, झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. तेव्हा साधन तकली आणि शेती होती. प्रमाण, गुणोत्तर, क्षेत्रफळ, कोन, पृष्ठताण, रंगाचं रसायन, गावाचा इतिहास, एवढं सगळं एका प्रतिकृतीत येतं. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांनी ती कार्यानुभवाच्या तासाला घेतली तर नई तालीमशी नातं सांगायचा हक्क आपल्याला आपोआप मिळेल.

सुरुवात कशाने करावी, तर बंडीने, म्हणजे बैलगाडीने. ज्वारीच्या धांड्याची साल सोलून, आतला भेंड कापून बंडी करणारे हात अजून गावात आहेत. आजोबांच्या वयाची माणसं गप्पा मारता मारता ती जोडून दाखवतात. त्यांच्या शेजारी टेप घेऊन बसायचं. खरी लाकडी चाकांची बंडी शोधायची आणि मोजायची: चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, तुंब्याची जाडी, लोखंडी धावेची रुंदी, जुवाची लांबी, दोन शिवळांमधलं अंतर, आस जमिनीपासून किती उंच. १:१६ हे माप घ्या. चार वेळा निम्मं केलं की सोळावा हिस्सा मिळतो, कॅल्क्युलेटर लागत नाही. १२० सेंटिमीटरचं चाक साडेसात सेंटिमीटरचं होईल, बोटांना पेलेल असं. सुताराकडून सागाच्या चिपा मागा, त्या तो सहसा फुकट देतो. आरे चिपांचे, धाव जुन्या पत्र्याच्या पट्टीची, दोऱ्या सुताच्या. वॉटर पेपर, फेविकॉल, एक कटर आणि कॅमलच्या दोन ट्यूब धरून दोनशे-तीनशे रुपयांत काम होतं. हजारांच्या किटवर शिकलेली प्रत्येक गोष्ट, दोनदा कापणं, पाण्यात घासणं, क्रमाने हात देणं, रंग हलका करणं, इथे कामाला येते. फरक एकच, इथे सूचनांचा कागद डब्यात मिळत नाही, तो तुम्ही लिहायचा.

आणि तो जपून ठेवायचा. प्रतिकृती फुटते, वाळवी लागते, पोरं ओढून मोडतात. मापांची वही राहिली तर दुसरी करता येते. रबरी टायरच्या बंड्या आल्यापासून लाकडी चाकाच्या बंड्या कारंजा-आर्वीच्या खेड्यांत गोठ्यांच्या मागे कलंडून पडल्या आहेत, पुष्कळ जळणात गेल्या. दमणी आणि रेंगी या हलक्या बैलगाड्या तर शोधाव्या लागतात. तुमच्या घरी, तुमच्या मामाच्या गावी अशी एखादी उभी असेल तर या दिवाळीत तिचं प्रत्येक माप वहीत घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, ती कुणी घडवली आणि लाकूड कुठलं ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा, आणि त्या वहीची एक प्रत गावच्या शाळेत द्या.